हजेरीत नसलेल्या कोंबड्या

दरवर्षी या पानावर आम्ही निकालाची टक्केवारी, स्नेहसंमेलनातील बक्षिसे आणि ग्रंथालयाला मिळालेल्या देणग्या यांविषयी लिहितो. यंदा संपादक बाई म्हणाल्या, "सर, या वेळी काहीतरी मनातले लिहा." मनात शोधू लागलो तेव्हा जे वर आले ते कोंबड्यांविषयी होते. प्राचार्यांनी कोंबड्यांवर लिहावे हे काही पालकांना विचित्र वाटेल. आमच्या लहानपणी इंदूरच्या आमच्या घरात अंडे शिजायचे ते वेगळ्या पातेल्यात आणि तेही अंगणात. कोंबडीचा तर प्रश्नच नव्हता. शिवाय आमचे शिक्षण पहिलीपासून पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. मराठी मिळाली ती आई आणि आजीकडून, व्याकरणाशिवाय. तेव्हा चूकभूल वाचकांनी सांभाळून घ्यावी.

आपल्या शाळेच्या मैदानामागे, पाण्याच्या टाकीला लागून, चौकीदार भैयांच्या दोन खोल्या आहेत. ते मूळचे अलिराजपूर जिल्ह्यातले, जोबटकडचे. त्यांची बायको शाळेत झाडझूड करते. मुले तिला मौसी म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. मौसीने खोल्यांच्या आडोशाला विटांचे खुराडे केले होते. एक कोंबडा, दहा कोंबड्या आणि मोसमाप्रमाणे पिल्ले. मधल्या सुट्टीत मुलांच्या डब्यातले पोळीचे तुकडे त्यांच्याकडे जात. एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की पहिलीच्या बाई सगळा वर्ग रांगेने तिथे नेत आणि "हळू, बोलू नका" असे सांगत. आमच्या मते विज्ञानाचा तो सर्वांत चांगला तास असे.

मौसीचा सगळा हिशेब कोंबड्यांत चालत असे. मुलीचा गणवेश म्हणजे दोन कोंबडे. गावी जायचे बसभाडे म्हणजे एवढी अंडी. घरात कोणी आजारी पडले तर एक कोंबडी विकायची आणि दवाखान्यात जायचे. तिच्या हातात पगार येई आणि जाई. कोंबड्या मात्र तिच्या स्वतःच्या होत्या. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. पुढे तिच्या मुलीकडून कळले. मुलगी आपल्याच शाळेत शिकते. ती कोरोनाच्या काळात सातवीत होती आणि रोज किती अंडी मिळाली ते जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची.

डिसेंबर २०२० ची गोष्ट. लहान वर्ग बंद होते. दहावी-बारावीची मुले पालकांचे संमतीपत्र घेऊन शाळेत येऊ लागली होती. ऑफिसमध्ये आम्ही ऑनलाइन वर्गांच्या भानगडीत फोनवर होतो. मौसी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की एक कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरते आहे, खात नाही. आम्ही फोनवर हात ठेवून म्हटले, "बघू." दोन दिवसांत ती कोंबडी मेली आणि तिच्यामागे आणखी एक. आम्ही काही बघितले नाही.

त्यानंतर आठवडाभरात शहरात कावळे मरू लागले. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, डेली कॉलेजच्या आवारात झाडांखाली मेलेले कावळे सापडले, नमुने तपासले गेले आणि बर्ड फ्लूचा एच५एन८ हा विषाणू निघाला. जानेवारी २०२१ मध्ये वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता. आधीच कोरोना, त्यात हे. पालकांचे फोन सुरू झाले, "सर, शाळेत कोंबड्या आहेत म्हणे?" आम्हाला एकदम त्या दोन मेलेल्या कोंबड्या आठवल्या आणि घाम फुटला.

आम्ही मौसीला बोलावले आणि सांगितले की कोंबड्या आजच्या आज हलवा. तिने विचारले, "कुठे नेऊ, सर?"

आम्ही म्हटले, "कुठेही न्या. शाळेत नकोत."

तिने वाद घातला नाही. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात परतल्यावर तिने त्या डालग्यात भरल्या, वरून ओढणी बांधली आणि पहाटेच्या बसने जोबट गाठले. तिथून आत तिच्या बहिणीचा फलिया आहे. फलिया म्हणजे भिलांची विखुरलेल्या घरांची वस्ती. बहिणीकडे तिच्या स्वतःच्या तेवीस कोंबड्या होत्या. होळीच्या आधी भगोरियाचे बाजार भरतात तेव्हा त्यातले कोंबडे विकून तिला घरावर नवे पत्रे टाकायचे होते. मौसीच्या कोंबड्या त्यांच्यात सोडल्या गेल्या. शाळेत आम्ही खुराड्याच्या जागी चुना टाकून घेतला आणि पालकांना निरोप दिला की परिसर स्वच्छ करण्यात आला आहे. त्या रात्री आम्हाला शांत झोप लागली हेही खरे.

अकराव्या दिवशी बहिणीकडे पहिली कोंबडी मेली. पुढच्या आठवड्यात भैयांनी दोन दिवसांची सुट्टी मागितली. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "साली की मुर्गियाँ मर रही हैं, सर।" आम्ही पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तुम्ही हात तर लावला नाहीत ना?" हे लिहिताना लाज वाटते, पण जे झाले ते असे झाले.

बर्ड फ्लूची धास्ती होती म्हणून त्या वेळी पशुवैद्यकीय विभागाची माणसे फलियापर्यंत पोहोचली. नमुने घेऊन भोपाळला पाठवले. प्राण्यांच्या अतिधोकादायक रोगांची तपासणी करणारी देशातली मोठी प्रयोगशाळा भोपाळलाच आहे. काही दिवसांनी निरोप आला की बर्ड फ्लू नाही. तिथल्या डॉक्टरांनी लक्षणे पाहून सांगितले की हा रानीखेत दिसतो. भैयांनी फोनवर ऐकलेले आम्हाला सांगितले आणि आम्ही शिक्षक कक्षात. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. कोणीतरी पोहे मागवले. मौसी कपबशा उचलायला आली तेव्हा आम्ही मोठ्या मनाने तिला धीर दिला, "घाबरू नका मौसी, बर्ड फ्लू नाही. साधा रानीखेत आहे."

ती थांबली आणि म्हणाली, "साधा? सर, एक भी नहीं बची।"

तिच्या नऊ गेल्या होत्या, बहिणीच्या तेवीस गेल्या होत्या आणि आजूबाजूच्या घरांतल्या किती गेल्या ते कोणी मोजले नव्हते. कक्षात कोणी काही बोलले नाही. पोहे तसेच राहिले.

'साधा' हा शब्द मग आमच्या डोक्यातून जाईना. एखादा रोग साधा आहे हे आपण कशावरून म्हणतो? बर्ड फ्लू माणसाला होऊ शकतो म्हणून तो मोठा. रानीखेत फक्त कोंबड्यांना मारतो म्हणून तो साधा. पण ज्या घराची मिळकतच कोंबड्या आहेत त्या घराने हा फरक कसा करायचा? आमचे एक माजी विद्यार्थी महूच्या पशुचिकित्सा महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाले आहेत. त्यांना आम्ही फोन केला. वर्गात असताना ते आम्हाला प्रश्न विचारत, आता आम्ही विचारू लागलो. त्यांच्याकडून आणि पुढे वाचून जे कळले ते थोडक्यात सांगतो.

हा रोग विषाणूचा आहे. बाहेरच्या जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात, आपल्या देशात रानीखेत. १९२६ साली तो जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल या गावी असा दोन लांबच्या ठिकाणी ओळखला गेला. दोनेक वर्षांतच आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरातल्या रानीखेतजवळच्या कोंबड्यांत तो सापडला. जवळच मुक्तेश्वर येथे सरकारची पशुरोग संशोधन संस्था होती, त्यामुळे निदान झाले आणि गावाचे नाव रोगाला कायमचे चिकटले. ही संस्था सुरू झाली होती आपल्या पुण्यात, १८८९ साली, आणि चार वर्षांनी मुक्तेश्वरला गेली. पुढे १९४० च्या दशकात याच मुक्तेश्वरला या रोगावरची लस तयार झाली. म्हणजे ज्या डोंगराची बदनामी झाली त्याच डोंगराने औषधही दिले. गंमत अशी की नाव गावाला बदनाम करून गेले, लसीचे श्रेय मात्र कोणाच्या तोंडी नाही.

मराठीत याच रोगाला मानमोडी म्हणतात हे वाचले आणि आम्हाला आमची आजी आठवली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला मराठी मुलखात मानमोडी म्हणत. आजी तेव्हा आठ-दहा वर्षांची होती. कोणी जास्तच मस्ती केली की ती म्हणे, "मानमोडीतून वाचलेली आहे मी, तुझ्याने काय होणार!" माणसांच्या साथीचे ते नाव कोंबड्यांच्या रोगालाही आहे आणि इथे ते अक्षरशः खरे आहे. विषाणू कोंबडीच्या मज्जासंस्थेवर गेला की तिची मान मुरडते, पंख लोंबतात, पाय लुळे पडतात आणि ती गोल फिरते. मौसीने आम्हाला दारात उभे राहून हेच सांगितले होते. त्याखेरीज हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडून घेतलेला घरघरता श्वास, अंडी कमी होणे, पातळ टरफलाची अंडी. लागण झाल्यापासून साधारण पाच-सहा दिवसांत लक्षणे दिसतात, कधी दोन दिवसांत, कधी पंधरा. लस न दिलेल्या कोंबड्यांत तीव्र प्रकारचा विषाणू शिरला तर शंभरातल्या नव्वद मरतात, कधी शंभरही. माणसाला फार तर डोळे येतात, तेही आजारी पक्षी किंवा लस हाताळणाऱ्याला.

विषाणू श्वासातून, नाकाडोळ्यांच्या पाण्यातून आणि विष्ठेतून बाहेर पडतो. बुटाला लागून, अंड्यांच्या ट्रेला चिकटून, विकत आणलेल्या कोंबडीबरोबर आणि आठवडी बाजारातून तो गावोगाव फिरतो. आम्ही डॉक्टरांना न राहवून विचारले, "आमच्याच कोंबड्यांनी तो तिथे नेला का?"

ते म्हणाले, "सर, नक्की कोणी सांगू शकणार नाही. तो तिथेही आधीपासून असू शकेल. पण तुमच्याकडे डिसेंबरात लक्षणे दिसली होती, आणि त्या कळपातल्या वाचलेल्या कोंबड्या वरून धडधाकट दिसल्या तरी काही दिवस विषाणू टाकत राहतात. अशा वेळी पक्षी हलवायचे नसतात. जिथे आहेत तिथेच ठेवून आम्हाला बोलवायचे असते."

म्हणजे बर्ड फ्लू असता तरी आणि रानीखेत असला तरी आमचा हुकूम चुकीचाच होता.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला, जो आम्हाला खरा छळत होता. हा रोग आहे तरी किती सर्रास? त्यांचे उत्तर ऐकून आम्ही थक्क झालो. ते म्हणाले, "सर, तो आपल्या देशात कायमचा वस्तीला आहे. नेमका किती, हे मोजणे मात्र अवघड आहे."

आम्ही शाळेची माणसे. आमचा दिवस हजेरीपटापासून सुरू होतो. जे रोज होते त्याची मोजणी का अवघड असावी? याची कारणे त्यांनी एक एक करून समजावली.

पहिली मोजणी सरकारी नोंदीची. कोणी कळवले तर नोंद होते. पण फलियातली बाई मेलेली कोंबडी घेऊन दहा-पंधरा किलोमीटरवरच्या पशुचिकित्सालयात कशाला जाईल? कोंबडी तर गेली, आता रोजीही बुडवायची? बर्ड फ्लूमध्ये सरकार जे पक्षी स्वतः मारते त्यांची भरपाई तरी असते. रानीखेतने मेलेल्या कोंबडीचे कोणी काही देत नाही. म्हणून कळवणारा कळवत नाही आणि कागदावर रोग थोडा दिसतो.

दुसरी मोजणी रक्ताची. कोंबड्यांचे रक्त तपासले तर विषाणूशी आधी गाठ पडली होती का ते कळते, कारण रक्तात प्रतिपिंडे राहतात. लस न दिलेल्या गावठी कोंबड्यांत ती सापडली तर समजायचे की विषाणू इथून जाऊन आला. पण यात एक मेख आहे. रक्त जिवंत कोंबडीचेच घेता येते. ज्या मेल्या त्यांचे रक्त कोण तपासणार? रोग जितका जास्त मारणारा, तितके त्याचे साक्षीदार कमी. आम्हाला हे ऐकून परीक्षेच्या निकालाची आठवण झाली. जी मुले मध्येच शाळा सोडून गेली ती आमच्या टक्केवारीत कुठे असतात? निकाल ९६ टक्के म्हणून आम्ही याच पानावर छापतो, तो परीक्षेला बसलेल्यांचा असतो.

तिसरी मोजणी पशुगणनेची. २०१९ च्या गणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले, म्हणजे मौसीसारख्यांच्या दारातले, आणि आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा ते सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेले. मोठ्या पोल्ट्री फार्मवर पिल्लू आठवड्याचे होत नाही तोच डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब पडतो, पुढे पुन्हा पाण्यातून किंवा सुईने. तरीही तिथे रोग अधूनमधून डोके वर काढतो, कारण लस मरण टाळते पण विषाणूचा शिरकाव पूर्णपणे थांबवतेच असे नाही. ज्यांना एकदाही थेंब मिळालेला नाही अशा परसातल्या कोंबड्यांची गोष्ट मग वेगळी सांगायला नको.

राहिली चौथी मोजणी, पाळणाऱ्यालाच विचारायची. ती आम्ही मौसीपासून सुरू केली. तिला विचारले की गावी अशा कोंबड्या आधी कधी मेल्या होत्या? तिने आमच्याकडे असे पाहिले जसे आम्ही विचारले असावे की गावी उन्हाळा कधी आला होता. "मुर्गियाँ तो हर साल मरती हैं, सर।" कधी थंडी संपताना, कधी पावसाच्या तोंडाशी. एखाद्या वर्षी अर्ध्या वाचतात, एखाद्या वर्षी एकही नाही. मग बहिणीकडून, नणंदेकडून अंडी आणून पुन्हा कोंबडी बसवायची. आम्ही विचारले, कधी डॉक्टरांना सांगितले का? ती हसली. पाऊस पडला हे कोणी डॉक्टरांना सांगते का?

त्या दिवशी आम्हाला कळले की फार सर्रास असणे हेदेखील लपण्याचे एक ठिकाण आहे. जे एकदाच होते त्याची बातमी होते. जे दरवर्षी होते त्याला लोक ऋतू समजतात आणि आम्ही साधा म्हणतो. या सवयीचा धोका मोठाही होऊ शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. त्याआधी तिथे कोंबड्या मरत होत्या तेव्हा लोकांना वाटले होते की नेहमीचाच रानीखेत असेल. पुढच्याच महिन्यात तो आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या इच्छापूरला पोहोचला. दोन्ही रोगांत कोंबड्या पटापट मरतात, श्वास घरघरतो, मानही मुरडते. नुसत्या डोळ्यांनी खात्रीने वेगळे करता येत नाहीत, प्रयोगशाळाच सांगू शकते. ओळखीच्या रोगाआड अनोळखी रोग असा येऊन बसतो. म्हणून ज्याला साधा म्हणतो त्याचीही खबर द्यायची असते.

आता राहिला लसीचा प्रश्न. मुक्तेश्वरची लस आहे, पिल्लांसाठी सौम्य लसीही आहेत, किंमतही काही फार नाही. मग फलियात ती का नाही? इथेही कारण आम्हाला शाळेतल्यासारखेच दिसले. योजना असते, पण शेवटच्या बाकापर्यंत येत नाही. लसीची लहानात लहान कुपीसुद्धा बहुधा शंभर कोंबड्यांची असते. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत वापरून टाकावी लागते. ज्या बाईच्या दारात नऊ कोंबड्या आहेत तिने एक्क्याण्णव थेंब कुठे टाकायचे? एकेका घराने हे होणारच नाही. सगळी वस्ती एका संध्याकाळी एकत्र आली तरच जमते. संध्याकाळी अशासाठी की दिवसा गावठी कोंबडी हाती लागत नाही. अंधार पडला की ती आपणहून खुराड्यात येते.

शाळा पूर्ववत सुरू झाल्यावर आम्ही मौसीची माफी मागितली. ऑफिसात बोलावून नव्हे, तिच्या खोलीच्या दारात जाऊन. तिने आधी भलताच विषय काढला, मग म्हणाली, "बहिणीला सांगा." ते अवघड होते, पण बरोबर होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भैयांबरोबर जोबटला गेलो. सोबत तेच डॉक्टर विद्यार्थी आले, बर्फ घातलेला थर्मास आणि लसीची कुपी घेऊन. बहिणीला आम्ही सांगितले की तुमच्याकडे कोंबड्या पाठवायला नको होत्या, तो हुकूम आमचा होता. तिने ऐकून घेतले. तिच्या घरावर जुनेच पत्रे होते, दोन ठिकाणी प्लॅस्टिक घातलेले. मग तिने शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि अंधार पडायच्या सुमारास घराघरांतून कोंबड्या पोरांच्या काखेत बसून आल्या. कोंबडी आडवी धरायची, डोळा वर करायचा, एक थेंब टाकायचा, ती डोळा मिचकावेपर्यंत थांबायचे आणि सोडायची. बॅटरीच्या उजेडात काम दीड तासात संपले. मौसीची मुलगी वही घेऊन उभी होती. तिने प्रत्येक घराचे नाव आणि कोंबड्यांचा आकडा लिहिला.

ती वही पुढेही चालू राहिली. त्यात चार रकाने आहेत: किती होत्या, किती राहिल्या, गेल्या त्या कशाने, आणि डॉक्टरांना कळवले का. दर काही महिन्यांनी भैयांचे कोणीतरी गावाहून येते तेव्हा ती विचारून भरते. वही वाचून आमच्यासारख्याला सगळे छान झाले असे लिहायचा मोह होतो. तसे झालेले नाही. एका खेपेला बर्फ वितळला आणि कुपी फुकट गेली. एका वर्षी दोन घरांनी लस देऊ दिली नाही आणि त्यांच्या कोंबड्या गेल्या. काहींना मुंगसाने नेले, काही कशाने गेल्या कळले नाही. पण चौथ्या रकान्यात आता कुठे कुठे 'हो' दिसते. आधी त्या रकान्याचा प्रश्नच कोणी विचारत नव्हते.

मुलगी आता वरच्या वर्गात आहे आणि गणितात चांगली आहे. पुढे काय करणार असे आम्ही विचारत नाही, कारण मग तिला आमचे मन राखायला काहीतरी सांगावे लागेल.

पालकांना या निमित्ताने चार गोष्टी सांगतो. आपल्यापैकी काहींची शेती आहे, काहींच्या घरी कामाला येणाऱ्यांकडे कोंबड्या आहेत. एकेका घराने नव्हे तर वस्तीने मिळून लस द्या. नवीन आणलेली कोंबडी काही दिवस वेगळी ठेवा. कोंबड्या मरू लागल्या तर उरलेल्या हलवू नका, विकू नका. मेलेल्या चुना घालून खोल पुरा आणि १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय विभागाला कळवा. नीट शिजवलेल्या अंड्याची भीती धरू नका. आणि कोणी दारात येऊन सांगितले की एक कोंबडी मान वाकडी करून फिरते आहे, तर फोन खाली ठेवा.

शाळेमागचे खुराडे पुन्हा बांधले आहे. विटा त्याच आहेत. या वर्षी पहिलीचा वर्ग पुन्हा रांगेने तिथे गेला होता. एका मुलाने मोजून आम्हाला सांगितले, "सर, सहा पिल्लं आहेत, एक कमी झालं." काल सात होती हे त्याच्या लक्षात होते. आम्ही त्याला म्हटले, "जा, ताईच्या वहीत लिहून ये."